पितळेवर कोरलेलं राज्य

मोहाडी,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. किती ठीक ते पुढे येईलच.

आधी पत्राचं कारण. तू माझा फोन ब्लॉक केलास, व्हॉट्सॲपवरून काढून टाकलंस आणि मागे भंडाऱ्याच्या बसस्टँडवर समोरासमोर आलो तर चष्मा पुसत बसलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय मात्र अजून निघाली नाही. मोहाडीहून कारध्याला यायला मला तासभरही लागत नाही, पण हे पत्र म्हणे आधी नागपूर पाहून येईल. राजधानीतून आलेलं आहे असं समजून तरी उघड.

पाकिटावर तुझा पत्ता लिहिताना हात अडला. राज्य कोणतं लिहू? 'महाराष्ट्र' लिहिलं तर तू पाकीट न फोडता परत करशील. 'विदर्भ राज्य' लिहिलं तर पोस्टमास्तर मला बसवून, चहा पाजून समजावतील. शेवटी नुसता पिनकोड टाकला. चव्वेचाळीस आकडा दिसला की पोस्टाला कळतं, माणूस विदर्भातला. मोर्चा न काढता, उपोषणाला न बसता पोस्टखात्याने आपल्याला केव्हाच वेगळं काढलं, आणि तुझ्या वेगळ्या विदर्भाच्या समितीला त्याचा पत्ता नाही.

धान कापून झाला. मध्ये एका पावसाने भिजवला, आता वाळला की चुरायचा. यांचा गुडघा तसाच. भाऊबीजेला मी यंदाही पाट मांडला होता. दुपारपर्यंत तू आला नाहीस तेव्हा त्यावर मांजर येऊन बसलं. मी त्याला ओवाळलं नाही, तेवढा मान तुझा राखला.

घरात पाहुणे आहेत. त्यातल्या एक बाई सकाळी उठल्याबरोबर भाकरी कुठाय म्हणून विचारतात. तीन वेळा भात खाणारी माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. काल म्हणाल्या, "तुमच्यात भात खाऊन झाल्यावर जेवता कधी?" मी वरणात तिखट वाढवलं. त्या दोनदा मागून जेवल्या. असे दिवस चाललेत.

तू रागावलास तो माझ्या लेखावर, हे मला ठाऊक आहे. आपल्या साप्ताहिकात मी तुझ्या प्रतिक्षाच्या लग्नावर लिहिलं, नावं बदलून, तरी साऱ्या कारध्याने ओळखलं. त्याची माफी मागायला हे पत्र नाही. लेख चांगला होता. तुझ्या समितीच्या लोकांनीही हसून वाचला, फक्त तुझ्यासमोर नाही. पण तुझी आठवण तुझ्या सोयीने चालते, म्हणून त्या दिवशी काय झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते.

लेकीच्या लग्नात भंडाऱ्याचं पितळ द्यायचं आणि त्यावर देणाऱ्याचं नाव कोरायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. माझ्या लग्नातल्या परातीवर बाबांचं नाव आहे, त्यात मी अजून पीठ मळते. प्रतिक्षाच्या लग्नात तू पाण्याचा गुंड दिलास, कंबरेएवढा, भंडाऱ्यात तेवढा मोठा दुसरा मिळाला नसता. आणि त्याच्या गळ्यावर कोरून घेतलंस: 'चि. सौ. कां. प्रतिक्षा हिस वडील तेजराम यांजकडून, मु. कारधा, विदर्भ राज्य.' कोरणाऱ्याने म्हणे दोनदा विचारलं होतं, राज्य पण टाकू का. तू म्हणालास, "तेच पहिले टाक."

रुखवत पाहायला व्याही आले. हणमंतराव, तासगावचे, सांगली जिल्हा. त्यांनी चष्मा लावून गळ्याभोवती फिरत फिरत सगळं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे राज्य कुठं आलं हो? आमच्या नकाशात दिसंना."

तू म्हणालास, "तुमच्या नकाशात आम्ही कधी होतो बाप्पा?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. लोक हसले होते. पण पंगतीत त्यांच्या भावाने वरण वाढणाऱ्याला विचारलं, विदर्भ राज्यात वरणाला पासपोर्ट लागतो का. आणि तू, मुलीचा बाप, हातात तुपाची वाटी घेऊन, व्याह्यांच्या पानासमोर उभा राहून बोललास, "तुमच्या भागाचं सरकारी कागदातलं नाव माहीत हाय का? विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. उर्वरित म्हणजे उरलेले. वाढा रे उरलेल्यायले."

हणमंतराव हात न धुता पानावरून उठले. दादा, आपल्याकडे पानावरून उठलेला व्याही पुन्हा बसवायला किती पिढ्या लागतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग संध्याकाळी पाठवणी. गाडीत सगळं चढलं, गुंड मांडवातच. तू प्रतिक्षाला विचारलंस, "गुंड घेतला काय वं?" ती म्हणाली, "राहू द्या बाबा, आता नको." आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललास की लेक त्यांची झाली, राज्य बदललं तिचं. तेव्हापासून तू तिच्याशी बोलला नाहीस. तिने गोड बातमी द्यायला फोन केला तेव्हा 'जय विदर्भ' म्हणून उचललास, आवाज ओळखलास आणि फोन वहिनीच्या हातात दिलास. त्यांनी गुंड मानाने नेल्याशिवाय त्यांचा उंबरा नाही आणि त्यांचं माणूस आपल्या उंबऱ्यात नाही, असा तुझा ठराव झाला. एकमताने, कारण सभासद एकच.

मी विदर्भाच्या विरोधात नाही, हे तुला सांगावं लागू नये. पोरांना नोकरीसाठी पुण्याला धाडताना मलाही तेच वाटतं जे तुला वाटतं. पण नावांचं मला हसू येतं. बाबा शाळेत गेले तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. मधल्या वर्गात मुंबई राज्यात गेला आणि त्यांना मिसरूड फुटलं तोवर महाराष्ट्रात. तीन राज्यं झाली आणि माणूस कारध्याच्या धानाच्या बांधीवरून हलला नाही. ते म्हणत, "पाटी बदलली बाप्पा, खड्डा तोच हाय." मुंबईवाले आपल्याला मागास भाग म्हणतात. नागपूरवाले झाडीपट्टी म्हणतात आणि म्हणताना नाकाचा शेंडा थोडा वर नेतात. उद्या विदर्भ झाला की आपण पूर्व विदर्भ होऊ, मग त्यांच्याशी भांडून झाडीपट्टी वेगळी काढू, मग मोहाडी आणि कारधा वेगळे होतील. त्याची सुरुवात आपण बहीणभावांनी केलीच आहे.

आता इतकं लिहून झालं आणि खरी गोष्ट अजून लिहिली नाही.

पाहुण्या बाई म्हणजे शालनताई. हणमंतरावांच्या मंडळी, तुझ्या विहीण. पत्र इथेच फेकू नको, अजून आहे.

त्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने आल्या. तू तिला गोंदिया-कोल्हापूर म्हणतोस, तीच. वरठी स्टेशनवर उतरल्या तेव्हा डोक्यावर पदर, एका हातात बेदाण्याची पिशवी, काखेत कापडात गुंडाळलेली तांब्याची घागर. आणि दुसऱ्या हाताने प्रतिक्षाला धरलं होतं.

ती इथे आहे, दादा. हे लिहीत असताना ती मागच्या खोलीत पाय लांब करून वाटाण्याच्या शेंगा सोलते आहे आणि अर्ध्या तोंडात टाकते आहे. आठवा लागलाय. पाय सुजतात, बाकी तब्येत चांगली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आत्याकडे आले, असं ती सगळ्यांना सांगते. आठव्या महिन्यात एवढा प्रवास करून कोणी मंडई पाहायला येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या म्हशीलाही कळतं.

शालनताईंचं म्हणणं सरळ आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. पण माहेर म्हणजे बापाचं घर, आत्याचं नव्हे. बापाने येऊन न्यावं. "न्हाई आला तर माझं मंडईनंतरच्या मंगळवारचं परतीचं तिकीट हाय, पोरीचं बी काढलंय," म्हणाल्या. "आमच्या घरात जागेला तोटा न्हाई. पण मग तिचा बाप मेला न्हाई आणि हाय बी न्हाई, असं हुतंय. ते मला बरं वाटत न्हाई." तासगावचा बाण आहे, पण नेम बरोबर आहे.

मी त्यांना गुंडाबद्दल विचारलं. भांडायच्या तयारीनेच विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मालकांनी वाचलं म्हणून झालं सगळं. मी तर तवाच काखेला मारून नेला असता. पाणी भरायचं भांडं ते, पेपर हाय व्हय वाचायला?"

मी म्हटलं, त्यावर दुसऱ्या राज्याचं नाव आहे, तुम्हाला काही वाटत नाही?

तेव्हा त्यांनी सांगितलं ते तू नीट वाच. त्यांचं माहेर जत भागातलं, कर्नाटकाला लागून. लहानपणी डोक्यावर घागर घेऊन दोन गावं चालायच्या, पाण्यासाठी. तिकडच्या काही गावांनी मागे ठरावच केला होता, आम्हाला कर्नाटकात घाला म्हणून. त्यांच्या भावाने सही केलेली. तेव्हा हणमंतराव सासुरवाडीला जायचे बंद झाले. "मेव्हण्याला गद्दार म्हणाले. दोन वर्षं दिवाळीला गेलो न्हाई. भाऊ म्हणायचा, दाजी, मला कर्नाटक नको हाय, पाणी हवंय, ते मागायला दुसरं कुणाचं तरी नाव घ्यावं लागतंय. ह्यांना पटंना." मग कसं मिटलं, मी विचारलं. "मिटतंय कशाचं. मी एकटी गेले. एकदा गेले, दोनदा गेले. तिसऱ्या बारीला स्टँडवर सोडायला आले ते गाडीतच बसले."

दादा, आपण ज्यांना साखरेच्या पाकात पोहणारे म्हणतो, त्यांच्या घरातही एक विदर्भ आहे. नाव निराळं आहे एवढंच. मी इतकी वर्षं पश्चिम महाराष्ट्रावर तोंडसुख घेतलं, त्यात जत कुठे होतं? माझ्या नकाशातही नव्हतं.

त्या काही संत नाहीत. घोरतात, माझ्या चहाला पाणचट म्हणतात आणि गुंड त्यांना मायेपोटीच हवाय असंही नाही. शेजारणीला सांगून आल्यात की भंडाऱ्याहून एवढं मोठं भांडं आणते. शिवाय नेल्यावर लिहिलेली बाजू भिंतीकडे करून ठेवणार, हेही त्यांनी मला आधीच सांगितलं. मी म्हटलं, दादाला हे कळलं तर झालं. त्या म्हणाल्या, "कळू द्या की. पाणी कुठल्या बाजूनं बी येतंय."

आणि आता तांब्याची घागर. कापड सोडलं तेव्हा मी हसून खाली बसले. तुझ्या व्याह्यांनीही कोरून घेतलंय. 'चि. सौ. प्रतिक्षा हिच्या बाळास आजोबांकडून, मु. तासगाव, संयुक्त महाराष्ट्र.' संयुक्त, दादा. साठ सालीच काम संपलेला हा शब्द मी भांड्यावर पहिल्यांदाच पाहिला. देवाने दोन माणसं एकाच साच्यात ओतली, एक पितळेचा आणि एक तांब्याचा, आणि मधे गाडीचा अख्खा एक दिवस ठेवला. शालनताई म्हणतात, पाठवताना ते ओट्यावर उभे होते. येता का म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यांनी बोलवू दे." तुझा सख्खा भाऊ शोभतो माणूस.

प्रतिक्षाला मी विचारलं, त्या दिवशी 'आता नको' का म्हणालीस. ती म्हणाली, "मांडवात मारामारी झाली असती आत्या. दिराचे मित्र बाह्या सरसावून उभे होते. मले वाटलं, मांडवपरतणीले येईन तेव्हा नेईन. बाबांनी बोलावलंच नाही." मग शेंगा सोलत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "गुंड असंल ना अजून?"

तो आहे, हे मला माहीत आहे. कसं माहीत, ते आता सांगूनच टाकते, वहिनी मला मारेल. निर्मलावहिनी दर आठवड्याला मोहाडीच्या बाजाराला येते. कारध्याच्या बाईला नदी ओलांडली की भंडाऱ्याचा अख्खा बाजार समोर आहे. ती तो टाकून वांगी घ्यायला इथपर्यंत काहून येते, हा प्रश्न तुला कधीच पडला नाही. राज्याच्या सीमांचा अभ्यास असलेल्या माणसाला बायकोच्या पिशवीतल्या वांग्यांचा पत्ता लागू नये. आधी लेकीची खबर घ्यायला यायची, आता लेकीला पाहून जाते. आणि तिनेच सांगितलं की गुंड मधल्या खोलीत तिवईवर आहे, आणि दर रविवारी तू स्वतः चिंच लावून तो घासतोस. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीस.

जो गुंड कोणी नेणार नाही असं म्हणतोस, तो कोणासाठी लखलखीत ठेवतोस?

याचं उत्तर मला नको. येत्या रविवारी आमची मंडई आहे. भाऊ मंडईला बहिणीकडे येतो, त्याला कोणाचा ठराव लागत नाही. तू ये. नाव खोड असं मी म्हणणार नाही, तू खोडणारही नाहीस. बाळाच्या पहिल्या अंघोळीला पितळेतलं ऊन पाणी आणि तांब्यातलं थंड पाणी लागेलच. दोन्ही राज्यं एका न्हाणीत कशी मावतील ते मी पाहते.

शालनताईंची एक इच्छा आहे. त्यांना वैनगंगा पाहायची आहे. एवढं पाणी एका जागी त्यांनी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, भंडाऱ्याच्या पुलावरून दाखवते. त्या म्हणाल्या, "पुलावरनं नको. पोरीच्या माहेरच्या घाटावरनं दाखवा."

तू वाचणार म्हणून अक्षर जरा मोठं काढलंय, चष्मा बदललेला दिसला नाही.

तुझ्या पाटावर मांजर बसू न देणारी,
दामिनी


कारधा,
दि. १३ नोव्हेंबर

चि. दामिनीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार ठिकाणी राग आला. पाचव्या ठिकाणी नाही आला. चव्वेचाळीस आकड्याचं आमच्या समितीत कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, काल बैठकीत मांडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझं नाव सांगितलं नाही.

हे पत्र पोस्टाने धाडत नाही. निर्मलाच्या पिशवीत टाकतो. आज सकाळी मीच तिला म्हटलं, बाजाराचा दिवस आहे ना, मोहाडीले जाऊन नाही राहिली काय? तिच्या हातून कप पडला.

रविवारी येतो. लेकीकडे भांडं रिकामं नेत नाहीत, म्हणून गुंडात नवा धान भरून आणतो. तो स्कूटरवर बसत नाही, तेव्हा शेजाऱ्याची गाडी सांगितली आहे. नाव खोडणार नाही. त्यांच्या घागरीवरचंही कोणी खोडू नये, तसं मी खोडू देणार नाही. मेहनतीने कोरलेलं आहे. गुंड भिंतीकडे तोंड करून ठेवायचा असेल तर ठेवा म्हणावं. त्याचं तोंड आकाशाकडे आहे, त्याले कोणी फिरवू शकत नाही.

नदी पुलावरून दाखवू नको. शालनताईंना सोमवारी मी घाटावर नेतो. त्यांचं तिकीट परत करू नये, पण प्रतिक्षाचं करावं. समोरची खोली रिकामी केली आहे. समितीची पोस्टरं वरच्या माळ्यावर गेली. खाट नवी नाही, पण सुतळी नवी भरली. तिथून नदीचा वारा येतो, तिले लहानपणी तिथेच झोप लागे.

पंगतीत मी बोललो ते व्याह्यांना मी तोंडानेच सांगीन, बाळ झाल्यावर ते आले की. बोलवायचं म्हणतात ना, तर हे बोलावणं समज आणि पोहोचव. सोबत त्यांना माझ्याकडून एक 'जय महाराष्ट्र' कळव. एकदाच. सवय लावून घेऊ नका म्हणावं.

शेंगा जास्त खाऊ देऊ नको तिले, वात धरतो.

जय विदर्भ.
तुझा दादा
(प्रतिक्षाले वाचून दाखवशील तेव्हा इथे 'बाबा' वाच.)